परक्या शिपायाचें इमान

एखाद्या समाजानें आपल्या इतिहासांतील एखाद्या वर्गाविषयीं काय निवाडा दिला आहे हें पाहावयाचें असल्यास त्या समाजाचे ग्रंथ उघडण्यापूर्वीं त्याची बोलभाषा तपासावी. 'गारदी' हा शब्द फिरंग्यांच्या भाषेंतून मराठींत आला तेव्हां पाश्चात्त्य पद्धतीनें कवाईत शिकलेला पायदळाचा शिपाई एवढाच त्याचा अर्थ होता; आज तो उच्चारतांच नारायणराव पेशव्यांच्या मागें तलवार घेऊन धांवणारा मारेकरी डोळ्यांपुढें उभा राहतो. 'कंपू' हें कवाइती पलटणींच्या एका मोठ्या फौजेचें नांव होतें. आज सभासंमेलनांतून आपमतलबी टोळक्यास आम्ही कंपू म्हणतों. भाषेनें दिलेला हा निवाडा कोणत्याहि न्यायाधीशानें पुरावा पाहून दिलेला नाहीं. तो बखरकारांनीं सुचविला, नाटककारांनीं रंगविला आणि शालेय इतिहासांनीं पाठ करविला. मराठ्यांच्या राज्यांत चाकरीस राहिलेला परका शिपाई हा मुळांतच बेइमान, आणि राज्य बुडालें तें त्याच्या बेइमानीमुळें, असा त्याचा आशय आहे. आमच्या इतिहासविषयक वाङ्मयांतील हा समज कितपत टिकण्याजोगा आहे, याचा विचार करण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

प्रथम 'परका' कोणास म्हणावयाचें हेंच ठरवावें लागतें. अठराव्या शतकांतील दख्खनच्या माणसास अयोध्या प्रांतांतला पुरभय्या हाहि परदेशीच होता. खानदेशांत 'परदेशी' हें आडनांव सर्रास आढळतें. तें धारण करणाऱ्या कुटुंबांना आज कोणी परके म्हणूं लागल्यास तें त्यांच्या शेजाऱ्यांनाच हास्यास्पद वाटेल. उलट, इमान मातीवर अवलंबून असतें म्हणावें, तर शिवाजी महाराजांच्या आरमारावर दौलतखान कसा होता, याचा उलगडा व्हावयास हवा. तात्पर्य, परकेपणा ही जन्मानें चिकटणारी वस्तु नसून राज्य आणि शिपाई यांच्या संबंधांतून वाढणारी किंवा झिजणारी वस्तु आहे. हें सूत्र मनांत ठेवून आतां आमच्या वाङ्मयाकडे वळूं.

नारायणरावाचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत झाला. या प्रसंगानें मराठी रंगभूमीला जितकें आकर्षिलें तितकें क्वचित् दुसऱ्या कोणत्या प्रसंगानें आकर्षिलें असेल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'भाऊबंदकी' (१९०९) हें या विषयावरील सर्वांत समर्थ नाटक. त्याच्या नांवांतच नाटककाराचा निर्णय सांठविलेला आहे. दोष घरांतल्या माणसांचा आहे हें खाडिलकरांनीं ओळखलें होतें. परंतु प्रेक्षकांच्या स्मरणांत राहिला तो सुमेरसिंग गारदी. वस्तुतः त्या दिवशीं वाड्यांत शिरलेल्या लोकांची नांवें पाहिलीं तर त्यांत सुमेरसिंग व खरगसिंग आहेत, महंमद यूसुफ आहे, आणि तुळाजी पवारहि आहे. पवार हा कोणत्या विलायतेहून आला होता? कटाच्या मुळाशीं पेशव्याचा सख्खा चुलता होता. आणि गारद्यांना वाड्यांत घुसण्यास जें निमित्त पुरलें तें थकलेल्या पगाराचें होतें. ज्या राज्याच्या राजधानींत पहाऱ्याच्या शिपायांचा पगार थकतो, आणि तो मागण्याचा दंगा राजवाड्याच्या दालनांपर्यंत पोंचूं शकतो, त्या राज्याचा दोष शिपायाच्या जातीवर ढकलणें ही सोयीची टीका झाली, न्यायाची नव्हे.

याच गारद्यांचा दुसरा पुढारी इब्राहिमखान. बुसीच्या हाताखालीं त्यानें फ्रेंच कवाईत आत्मसात केली. निजामाची चाकरी सोडून तो मराठ्यांकडे आला. आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर त्याच्या पलटणी शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. तो जखमी होऊन शत्रूच्या हातीं लागला आणि मारला गेला. धर्मानें तो शत्रुपक्षास जवळचा होता. इमान जर जन्मावर ठरत असतें तर त्याला बाजू बदलावयास कितीसा वेळ लागला असता? विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीनें या वीरास मानाचें आसन दिलें, याबद्दल तिचें अभिनंदनच केलें पाहिजे. तरीहि गारदी म्हटल्यावर इब्राहिमखान न आठवतां सुमेरसिंगच आठवतो. कादंबरीचें वजन अद्याप बोलभाषेच्या पारड्यांत पडलेलें नाहीं.

नाटककारांनीं भावनेच्या भरांत जें केलें तेंच इतिहासकारांनीं तत्त्वाच्या भाषेंत केलें आहे. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ १९२८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची साधनसामग्री विपुल व मांडणी शिस्तशीर आहे, आणि मराठी अभ्यासकांनीं तो आदरानें वाचला. लष्करांत परकीयांची भरती वाढल्यानें त्याचें राष्ट्रीय स्वरूप लोपलें व तें ऱ्हासाचें एक प्रमुख कारण झालें, असा सेनांचा सिद्धांत आहे. यांत सत्याचा अंश नाहीं असें नाहीं. परंतु विसाव्या शतकांतील 'राष्ट्र' ही कल्पना मागें नेऊन तिच्या कसोटीवर अठराव्या शतकांतील शिपायास नापास करणें यांत कालविपर्यास आहे. कंपनीचें सैन्य तरी कोणत्या राष्ट्राचें होतें? त्यांतील बहुसंख्य शिपाई याच देशाचे होते आणि त्यांना राष्ट्रीय म्हणण्यास ते एका परक्या व्यापारी मंडळीचे नोकर होते. परकेपणामुळें सैन्य दुबळें होत असेल, तर कंपनीचें सैन्य सर्वांआधीं मोडावयास हवें होतें. तें मोडलें नाहीं, याचें कारण शोधणें हेंच टीकाकाराचें काम होय.

त्या कारणाकडे जाण्याचा मार्ग महादजी शिंद्यांच्या छावणींतून आहे. १७५१ सालीं सव्हॉय प्रांतांतील शांबेरी येथें जन्मलेला द बॉयन्य हा फ्रान्सच्या आयरिश पलटणींत, नंतर रशियाच्या नोकरींत व पुढें मद्रासेस कंपनीच्या सैन्यांत राहून १७८४ च्या सुमारास महादजीकडे आला. १७८७ त लालसोटच्या मोहिमेंत पगार थकलेल्या मोगली पलटणी शत्रूस जाऊन मिळाल्या. द बॉयन्यच्या पलटणी जागच्या हलल्या नाहींत. १७९० त पाटण व मेडता येथें याच पायदळानें राजपुतांचे नामांकित घोडदळ मोडलें. यांतील मर्म कवाइतींत जेवढें आहे तेवढेंच हिशेबाच्या वहींत आहे. महादजीनें या फौजेच्या खर्चासाठीं दोआबांतील मुलूख तोडून दिला होता, त्या वसुलांतून शिपायास पगार वेळेवर मिळे, आणि जखमी व निकामी झालेल्यांचीहि सोय केली जाई. लालसोटावर पळालेला आणि पाटणास लढलेला शिपाई बहुतेक एकाच मुलखांतला होता. फरक त्याच्या रक्तांत नव्हता. महिनाअखेरीस त्याच्या हातांत काय पडे यांत होता.

पण या व्यवस्थेंत एक उणें होतें, आणि तें दाखविण्यास फ्रान्सच्या परदेशी स्वयंसेवकांच्या प्रसिद्ध सेनेशीं तुलना करणें उपयुक्त होईल. लुई फिलिप राजानें मार्च १८३१ मध्यें ही 'लेजां' उभी केली. नाना देशांचे लोक तींत शिपाई म्हणून येत; मागील आयुष्याची फारशी चौकशी होत नसे. चारच वर्षांनीं, १८३५ त, ही सगळी सेना राजानें स्पेनच्या यादवींत लढण्यास स्पेनकडे सोंपवून टाकली. तेथें पगार थकले, रसद तुटली, लोक मेले व पळाले, आणि अखेर कांहीं शेंकडे माणसें तेवढीं परत आलीं. अल्जीरियांतील युद्धांत ज्या प्रकारचे लोक टिकून राहिले होते त्याच प्रकारच्या लोकांची धन्यानें टाकून दिल्यावर ही गत झाली. पुढें याच नांवाच्या सेनेनें ३० एप्रिल १८६३ रोजीं मेक्सिकोंत कामेरोन येथें काय केलें, तें सर्वश्रुत आहे: तीन अधिकारी व बासष्ट शिपाई सुमारें दोन हजार शत्रूंपुढें दिवसभर लढले. त्यांचा नायक दांझू याचा लांकडी हात आजहि ओबान्य येथील मुख्य ठाण्यांत जपलेला आहे आणि दरवर्षीं त्या तारखेस तो मिरवितात. 'ही सेना हीच आमची मातृभूमि' अशा अर्थाचें तिचें ब्रीद आहे. १९९९ पासून लढाईंत जखमी झालेल्या परदेशी शिपायास फ्रान्सचें नागरिकत्व मागतां येतें.

या परंपरांना कोणी केवळ दिखाऊ म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. माणसाजवळ स्वतःचा देश उरला नाहीं तर त्याला इमान ठेवण्यास कांहीं तरी द्यावें लागतें, हें फ्रान्सनें ओळखलें. स्मरणाचा दिवस, निशाण, म्हातारपणाची सोय व शेवटीं नागरिकत्व त्याच्या हातीं ठेवलें. त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं या सेनेंत शिपाई परके, पण अधिकारी बहुतांशीं फ्रेंच. आमच्या कंपूंत नेमकें उलट होतें. शिपाई येथले आणि हुकूम देणारे परके. द बॉयन्यनें चाकरी पत्करतांना इंग्रजांविरुद्ध लढणार नाहीं अशी अट घातली होती, असें त्याचे चरित्रकार सांगतात. ज्या शत्रूशीं पुढें जीवनमरणाचा सामना व्हावयाचा, नेमका तोच वगळून केलेला हा करार महादजीसारख्या धूर्त पुरुषानें मान्य केला, कारण त्या काळीं त्याची निकड वेगळी होती. १७९३ त लाखेरीस ही विसंगति पूर्ण प्रकट झाली: शिंद्यांकडून द बॉयन्य आणि होळकरांकडून दुद्रेनेक, अशा दोन परक्या सेनानींनीं मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकांवर चालविल्या. द बॉयन्य १७९५ च्या अखेरीस संपत्ति घेऊन निघाला व १८३० त शांबेरीस वारला. त्या शहरांत हत्तींच्या मूर्तींचें एक कारंजें त्याच्या स्मरणार्थ उभें आहे. त्याच्या शिपायांचें स्मारक शांबेरींतहि नाहीं आणि येथेंहि नाहीं.

१८०३ सालीं व्हावयाचें तें झालें. वेल्स्लीनें जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरींतील ब्रिटिश अधिकाऱ्यांस चाकरी सोडून येण्याचें आवाहन केलें व त्यांच्या निर्वाहाची हमी दिली. सप्टेंबरांत पेरों इंग्रजांच्या आश्रयास गेला; अलीगढच्या किल्ल्यावर हल्ला करणाऱ्यांस वाट दाखविणारा ल्यूकन हाहि पूर्वीं शिंद्यांच्याच नोकरींत होता. यशवंतराव होळकरानें पुढें १८०४ त व्हिकर्स, डॉड व रायन या आपल्या तिघां अधिकाऱ्यांचीं डोकीं उडविलीं, तीं याच संशयानें. येथपर्यंतची हकीकत आमचीं पाठ्यपुस्तकें सांगतात आणि येथेंच थांबतात. पण २३ सप्टेंबरास अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे असईस काय झालें? तोफांवरील गोलंदाज संगिनी अंगावर येईपर्यंत तोफा सोडून हलले नाहींत. १ नोव्हेंबरास लासवारीस काय झालें? अधिकारी निघून गेलेल्या पलटणी अधिकाऱ्यांविना उभ्या राहिल्या आणि अशा लढल्या कीं जनरल लेकनें आपल्या पत्रांत त्यांची मनापासून तारीफ केली. शत्रूनें केलेली ही तारीफ आमच्या ग्रंथांत क्वचितच शिरली. रँडॉल्फ कूपर यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं मराठ्यांची लष्करी विद्या कमी पडली नव्हती. कंपनीनें आपल्या पैशाच्या व पतीच्या बळावर त्यांची अधिकारीमंडळी फोडली. हें म्हणणें आम्हांस सेनांच्या सिद्धांतापेक्षां अधिक पटतें. बेइमानी झाली ती पलटणींत झाली नाहीं. ज्या जागा दौलतराव शिंद्यानें स्वतःच्या माणसांना कधीं दिल्याच नाहींत तेथें ती झाली.

आतां घरचें उदाहरण घेऊं. १८१७-१८ मध्यें खानदेशच्या किल्ल्यांतून व गढ्यांतून अरबांची शिबंदी होती. नागपूरचें शहर १८१७ च्या डिसेंबरांत अरबांनीं लढविलें, इंग्रजांचा हल्ला परतविला आणि मग कबुलातीनें तें खालीं केलें. बायकामुलें व सामान घेऊन बाहेर पडण्याची मोकळीक त्यांना मिळाली. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं खानदेश कंपनीस दिला. तो तह ज्यांनीं केला त्यांनीं किल्ल्यांतील शिबंदीच्या पोटाचा विचार केला नाहीं. २७ फेब्रुवारीस सर थॉमस हिस्लॉप तापीकांठच्या थाळनेर किल्ल्यापुढें आला. तोफा सुरू झाल्यावर बोलणें लागलें, दरवाजांतून आंत गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची व शिबंदीची झटापट झाली, त्यांत दोन अधिकारी मेले. त्यानंतर सुमारें तीनशें माणसांची सबंध शिबंदी कापून काढण्यांत आली आणि किल्लेदारास फांशी दिलें. हें कृत्य विलायतेंतहि खटकलें. १८१९ त पार्लमेंटानें सैन्याचे आभार मानले तेव्हां थाळनेरचें प्रकरण त्यांतून वगळण्यांत आलें. तरीहि मालेगांवच्या अरबांनीं त्याच वर्षीं मे महिन्यांत किल्ला धरला, २९ तारखेचा हल्ला परतविला, आणि दारूचा कोठार उडाल्यावर जूनमध्यें ते शरण आले. अमळनेरच्या शिबंदीनें नोव्हेंबरांत शस्त्रें ठेवलीं.

या हकीकती १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरांत दिल्या आहेत, आणि पुढील स्थानिक इतिहास बहुधा तेथूनच उतरून घेतलेले आहेत. गॅझेटियर हा उपयुक्त ग्रंथ आहे. पण तो कंपनीच्या वारसांनीं लिहिलेला आहे, आणि त्याच्या लेखीं अरब हे देशाला जाचणारे भाडोत्री होत. त्यांनीं रयतेस जाचलें हें खोटें नव्हे. सावकारी करणाऱ्या व गढी बळकावून बसणाऱ्या जमादारांची कीर्ति चांगली नव्हती. तथापि, ज्या धन्यानें तहांत त्यांचा मुलूख देऊन टाकला त्याच्या किल्ल्यावर जीव देणाऱ्या माणसास केवळ भाडोत्री म्हणणें पुरेसें आहे काय? थाळनेरचा किल्ला पाहावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यास फारुकी सुलतानांची नांवें सांगितलीं जातात, हिस्लॉपचेंहि सांगितलें जातें. त्या तीनशें माणसांविषयीं मराठींत एक चांगलें प्रकरण लिहिलेलें असावें, ही अपेक्षा अवास्तव नाहीं.

कंपनीनें मात्र या मुलखांतून धडा घेतला. १८२५ सालीं लेफ्टनंट औट्रम यानें धरणगांवास भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला. ज्यांना पकडण्यासाठीं सैन्यें पाठविलीं जात होतीं त्यांच्यांतल्याच पांचांनीं प्रथम त्याच्यावर विश्वास टाकला. तो एकटा त्यांच्या रानांत गेला, त्यांच्यांत मिसळला, आणि नियमित पगार दिला. १८५७-५८ त खाजा नाईक व भीमा नाईक यांनीं सातपुड्यांत उठाव केला तेव्हांहि ही पलटण कंपनीच्या बाजूस राहिली. स्वतः खाजा नाईक पूर्वीं सेंधवा घाटाच्या रखवालीस कंपनीचाच नोकर होता. एकाच जमातींतील एक माणूस निशाणाखालीं राहतो व दुसरा तें झुगारतो, यांतील कोणास इमानी म्हणावें? या प्रश्नास जन्माच्या आधारें उत्तर देतां येत नाहीं, आणि म्हणूनच आमचे बरेच लेखक तो विचारीतच नाहींत.

आणखी एक गोष्ट आमच्या टीकाकारांनीं विसरूं नये. परक्या निशाणाखालीं लढणारा शिपाई म्हणून जगानें मराठ्यांनाहि पाहिलें आहे. १९१६ च्या एप्रिलांत कूतचा वेढा संपला तेव्हां तेथें उपासमारींत टिकून राहिलेल्यांत मराठा पलटणी होत्या. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत पडलेला नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीकांठीं पराक्रम केलेला शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तैग्रिसच्या किंवा सेनिओच्या कांठीं राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें ते कोण होते? थाळनेरच्या कुणब्यास अरब जसा होता तसेच. तरी आम्ही त्यांचा अभिमान बाळगतों, आणि तो योग्यच आहे. मात्र आपल्या शिपायास शौर्याच्या मापानें मोजावयाचें व दुसऱ्याच्या शिपायास भाड्याच्या मापानें, असे दोन तराजू एकाच दुकानांत ठेवतां येत नाहींत.

वाङ्मयांत परक्या शिपायाला दोष देण्यांत एक गुप्त सोय असते: त्यामुळें घरच्या माणसांचा हिशेब तपासावा लागत नाहीं. पगार कोणीं थकविला, कवाईत शिकलेल्या शिपायांतून स्वतःचे कप्तान कां तयार झाले नाहींत, तह करतांना शिबंदीचें काय होईल हें कोणीं विचारिलें, हे सर्व प्रश्न 'गारदी बेइमान होते' या एका वाक्यानें मिटतात. ज्या लेखनानें ते पुन्हां उघडले जातील असें लेखन आम्हांस हवें आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास निवर्तले, आणि पुढच्याच महिन्यांत तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापन झालें. अस्सल कागद पाहिल्यावांचून विधान करूं नये हा त्यांचा दंडक होता. मराठ्यांच्या चाकरींतील परक्या शिपायांवर जो कोणी ग्रंथ लिहील त्यानें पुढाऱ्यांच्या चरित्रांपासून आरंभ न करतां पगाराच्या यादींपासून, रोजमुऱ्यापासून, थकबाकीच्या अर्जांपासून करावा, इतकीच आमची सूचना आहे. त्या कागदांत शिपायाचें जन्मस्थान बहुधा एका शब्दांत असतें. त्याला काय देणें होतें आणि काय दिलें गेलें, हें मात्र ओळीओळीनें लिहिलेलें असतें.